तिची आई असंच करायची

चष्मेबाईच्या पायाला भिंगरी आहे, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. तिला बसलेलं पाहिलंय असं कुणी शपथेवर सांगून दाखवावं! चहासुद्धा ती उभ्यानं घ्यायची, ओट्याला टेकून, आणि मोकळ्या हातानं तोच ओटा पुसत. शेजारीण म्हणायची, "अगं बाई, ओटा झिजेल एक दिवस." चष्मेबाई हसायची आणि ज्या फडक्यानं ओटा पुसला ते फडकं धुवायला घ्यायची.

नाव तिला कामावरून पडलं होतं. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत ती काचा घासायची. गोल काच यंत्रात धरायची, पाण्याच्या धारेखाली तिची कड फ्रेमच्या मापाची करून घ्यायची, मग फ्रेम जराशी गरम करून काच आत दाबायची. कट्कन आवाज झाला की काम फत्ते. असल्या कामाला नजर लागते आणि धीर लागतो. नजर तिच्याकडे होती. धीराचं काय ते दुकानदारालाच विचारा.

त्या दुकानात एकदा लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीच्या चष्म्याचे दोन तुकडे झाले होते. पोर रडत नव्हती. काउंटरवर चढून बसली, मागच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "चष्मेबाई, लवकर करा हं. मला बाबा नीट दिसत नाहीयेत." झालं! दुकानदारानं ते नाव उचललं, मग गिऱ्हाइकांनी, मग गल्लीनं. पुढे त्या मुलीच्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला ढिला व्हायला लागला. दुकानदार मुरलेला माणूस. स्क्रू आपोआप इतके ढिले होत नाहीत आणि मुलीच्या बापाच्या खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर असतो, हे त्यानं केव्हाच हेरलं होतं. त्या लिफ्टवाल्याची बायको आजारपणात गेली होती. आणि आमची चष्मेबाई पस्तिशी उलटलेली, बिनलग्नाची, "आता माझं काय व्हायचंय" म्हणून हात झटकून मोकळी झालेली. तर तिचं झालं. वर्षभरात लग्न झालं आणि ती लिफ्टवाल्याच्या घरी राहायला आली.

मुलीला सगळे मुंगी म्हणत. साखरेचा डबा कुठल्याही फळीवर ठेवा, तिला सापडायचाच.

पहिल्या सकाळी चष्मेबाई उठली. समोर ही एवढीशी पोर, गणवेश हातात धरून उभी. काच कशी घासायची ते यंत्रावर शिकता येतं. पोर कशी घासायची हे कुणी शिकवलं होतं तिला? आंघोळीला पाणी किती कढत? केस आधी की कपडे आधी? तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजत विचारलं, "अहो, हिची आई कसं करायची?"

लिफ्टवाला नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं जरा वेळ छताकडे बघितलं. मग म्हणाला, "दूध कोमट लागतं. साय काढून. दोन पेल्यांतून वरखाली करून द्यायची ती."

चष्मेबाईनं साय काढली, दूध वरखाली केलं. मुंगी मुकाट प्यायली. चष्मेबाईला हायसं वाटलं, आणि तिनं ठरवूनच टाकलं की या पोरीचं काही म्हणजे काही बदलू द्यायचं नाही. आईविना झालीय बिचारी, निदान आईची रीत तरी राहू दे. मग ती रोज काहीतरी विचारायची आणि लिफ्टवाला रोज छताकडे बघून सांगायचा. केसांच्या दोन वेण्या, कानामागून घट्ट. बटणं खालून वर लावायची, म्हणजे एक घर चुकत नाही. डब्यात सफरचंद द्यायचं तर फोडी करून परत एकमेकींना जोडायच्या आणि वरून रबरबँड लावायचं, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत काळं पडत नाही. आणि झोपवताना शेजारी बसून मनगट धरायचं, झोप लागेपर्यंत सोडायचं नाही.

"पण एक कर," तो म्हणाला होता. "तिच्यापुढे तिच्या आईचं नाव काढू नकोस. रडते ती."

म्हणून चष्मेबाईनं कधी नाव काढलं नाही. नुसतं केलं. तीन वर्षं केलं. ताप असो, सर्दी असो, दुकानात कामाचा ढीग असो, वेण्या घट्ट आणि सफरचंदाला रबरबँड. कपाटावर त्या बाईचा फोटो होता, तोंडभर हसणारा. केर काढताना चष्मेबाई त्या फोटोला हळूच विचारायची, "बरोबर चाललंय ना गं?" मनात म्हणायची, काय बाई असेल ही! एवढं बारीकसारीक कुणाला सुचतं? आपल्याला तर सात जन्मात सुचलं नसतं.

आणि तरी, बरं का, तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. पोर तिच्या हातात मनगट देऊन गाढ झोपली की चष्मेबाईला वाटायचं, हा विश्वास माझ्यावर नाही, तो त्या बाईवर आहे, मी आपली निरोप्यासारखी मध्ये उभी. भाड्याच्या घरात माणूस भिंतीला खिळा ठोकायला कचरतं, तशी ती त्या पोरीशी वागायची. कधी आवाज चढवला नाही. चढवणार कशी? सख्खीनं बदडलं तरी ती माया, आणि सावत्र नुसती ओरडली तरी तो छळ, हे जगाचं गणित तिला पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर ओरडायची वेळच आली नाही. मुंगी इतकी गुणी की विचारू नका. हट्ट नाही, रडारड नाही, दिलं ते खाल्लं, सांगितलं ते केलं. "चष्मेबाई, तुम्ही झोपा, मी माझं दप्तर भरते," असं म्हणणारी पोर. शाळेतल्या बाई कौतुक करायच्या, शेजारीण म्हणायची, "सोनं आहे सोनं!" अशी कौतुकं झाली की चष्मेबाई आणखीच बेचैन व्हायची आणि धुतलेले पडदे पुन्हा धुवायला काढायची. का, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

कधीकधी दुकानात यंत्र चालवताना तिच्या मनात यायचं, मी घासलेली काच कुणाच्या तरी नाकावर वर्ष-दोन वर्षं तरी बसते. घरी काय? दूध प्यायलं की पेला रिकामा. वेणी संध्याकाळी सुटलेली. सफरचंद पोटात. उद्या पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून. आणि रीत दुसरीचीच. यात माझं म्हणून राहतं काय?

अशात मावशी आली.

मुंगीची मावशी म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. दूरच्या शहरात मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती. उंच, खणखणीत आवाजाची, दारातच पोरीला उचलून गरागरा फिरवणारी. तिचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करण्यात तिची इतकी वर्षं गेलेली. आता सासरेही गेले होते. मुंगीच्या आईच्या आजारपणात ती धावतपळत दोनदा येऊन गेली होती, त्यानंतर आत्ताच. दाराशी शेजारीण उभी होतीच. "म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो!" ती म्हणाली. आपण काहीतरी चांगलंच बोललो असं तिला वाटत होतं. चष्मेबाई चहा टाकायला आत गेली.

मावशी आडपडदा ठेवणारी नव्हती. चहाचा पेला खाली ठेवला आणि लिफ्टवाल्याला सरळ म्हणाली, "हे बघा, धाकटीला मी शब्द दिला होता, पोरीला बघीन म्हणून. तेव्हा मला हलता येत नव्हतं. आता मी मोकळी आहे. चार दिवसांनी जाताना मुंगीला घेऊन जाते म्हणते. घर मोठं आहे, शाळा दारात आहे. राग मानू नका, पण तुमचं दोघांचं काय म्हणणं आहे?"

लिफ्टवाल्यानं छताकडे बघितलं. मग बायकोकडे. "तुला काय वाटतं?"

आता बघा! घसा फोडून ओरडावं असं त्या बाईला वाटत होतं. नाही, म्हणून. माझी पोर कुठेही जाणार नाही, म्हणून. पण 'माझी' हा शब्द काही ओठांवर येईना. रक्ताची मावशी समोर बसलेली, मरणाऱ्या बहिणीला दिलेला शब्द घेऊन. आणि आपण कोण? दूध वरखाली करणारी. "मी काय सांगू ताई," ती म्हणाली. "मुंगीचं भलं ते माझं भलं." आणि धुऊन ठेवलेली भांडी तिनं पुन्हा नळाखाली धरली.

मग मुंगीला विचारलं. मुंगीनं मावशीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, नळापाशी उभ्या असलेल्या चष्मेबाईच्या पाठीकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"चालेल," ती म्हणाली.

एवढंच. चष्मेबाईच्या हातातली वाटी पडली नाही की काही नाही. पण त्या दिवसापासून तिच्या पायांनी तिचं ऐकणं सोडलं. दुकानात जायला निघायची आणि अर्ध्या वाटेवरून घरी परतायची, गॅस बंद आहे का बघायला. बंदच असायचा. जिना चढून यायची आणि तशीच उतरून बाजारात जायची, मुंगीला तिकडे लागतील म्हणून मोजे आणायला. मग साबण. मग आणखी मोजे. दुकानात तिनं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची काच घासता घासता इतकी लहान केली की ती फ्रेममधून आरपार खाली पडली. दुसरी घेतली, तीही तशीच. दुकानदार दारात येऊन उभा राहिला.

"बाई, काचेवर कसला राग काढताय?"

"राग नाही."

"मग घरी जा. माझं दुकान तरी वाचेल."

घरी जाऊन करायचं काय? घरात मावशी आणि मुंगी जमिनीवर बसून पत्ते खेळत होत्या. मुंगी हरली तरी छान हसत होती. मावशी म्हणत होती, "किती समजूतदार गं तू!" चष्मेबाई त्यांच्याभोवती केर काढत राहिली.

जायच्या आदल्या दिवशीची सकाळ. मुंगी आंघोळीला गेली होती. चष्मेबाई ओट्याशी सफरचंदाच्या फोडी जुळवून रबरबँड लावत होती आणि मावशी दाराला टेकून बघत होती.

"हे काय करताय?" मावशीनं विचारलं.

चष्मेबाई दचकली. मग तिला वाटलं, आता हिला सगळं सांगायलाच हवं, उद्यापासून हिलाच करायचंय. "काळं पडू नये म्हणून," ती म्हणाली. "तिची आई असंच करायची ना."

"कोण? आमची धाकटी?" मावशी खो खो हसायलाच लागली. "अहो, काहीतरीच काय! ती अख्खं सफरचंद पोरीच्या हातात कोंबायची आणि म्हणायची, दात कशाला दिलेत तुला?"

चष्मेबाईचा हात थांबला. "आणि वेण्या? कानामागून घट्ट?"

"वेण्या! धाकटीला स्वतःचे केस विंचरायला फुरसत नव्हती, ती पोरीच्या कुठून घालणार? असेल ते रबर लावायचं की पळायचं. एका पायात चप्पल घालून शाळेत सोडून आली होती एकदा."

"दूध तरी..."

"थंडगार. बाटलीतून." मावशी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "अजागळ होती हो आमची धाकटी. पण घर कसं हसतं होतं! दिवसभर बेसूर गात असायची. पोरगी खेळता खेळता जिथं पडेल तिथं झोपायची, ही वरून चादर टाकून द्यायची. आणि दोघी मायलेकी अशा काही भांडायच्या की फोनवर मला ऐकू यायचं. ही मुंगी तेव्हा किंचाळायची नुसती."

"मुंगी? किंचाळायची?"

"तर! आता बघा किती शहाणी झाली. तुमचेच उपकार."

तेवढ्यात मुंगी आंघोळ करून बाहेर आली आणि पाठमोरी होऊन, वेणी घालून घ्यायला, चष्मेबाईपुढे उभी राहिली. चष्मेबाईनं कंगवा घेतला. वेण्या घट्टच आल्या. हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

मुंगी शाळेत गेली आणि चष्मेबाई तडक निघाली. पायांत चपला कुठल्या घातल्या हेही तिनं बघितलं नाही. लिफ्टवाला त्या दिवशी एका कचेरीच्या इमारतीत कामाला होता. लिफ्ट वर अडवून ठेवलेली आणि तो खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, वरून नुसतं डोकं दिसत होतं. चष्मेबाई काठावर उभी राहिली.

"अहो! ही सगळी रीत तुम्हाला कुणी सांगितली?"

डोकं वर झालं. "कसली रीत?"

"वेण्या, दूध, सफरचंद! तिची आई यातलं काहीएक करत नव्हती. तुमच्या मेहुणीनं सांगितलं मला, पोट धरधरून हसत!"

खड्ड्यातून बाहेर यायला एकच शिडी होती आणि शिडीच्या तोंडाशी बायको उभी होती. लिफ्टवाल्यानं सवयीनं वर बघितलं, तर तिथं छत नव्हतं, चष्मेबाईच होती.

"मी तेव्हा रात्रपाळीला असायचो," तो म्हणाला. "सकाळी यायचो ते झोपायचो. मी बघितलंच नाही ती कसं करायची ते."

"मग सांगितलंत कशाला?"

"तू विचारत होतीस. रोज विचारत होतीस. स्वतःच्या पोरीला दूध कसं लागतं हे बापाला माहीत नाही, असं कुठल्या तोंडानं सांगू? एकदा थाप मारली, वेळ निभावली. मग तू ते इतकं मन लावून करायला लागलीस की..." त्यानं तेलकट हात चिंधीला पुसले. "सफरचंदाचं कामावरच्या एका जोडीदारानं सांगितलं होतं. दूध माझी आई द्यायची तसं. वेण्या एका जाहिरातीत बघितल्या होत्या. निम्मं तर तू स्वतःच वाढवलंस, मी नुसता हो म्हणालो."

"आणि मनगट? तीही लोणकढीच?"

त्यानं चिंधी खिशात कोंबली. "मनगट खरं आहे," तो म्हणाला. "पण ते मुंगीचं नव्हे. दवाखान्यात शेवटी शेवटी मी तिचं मनगट धरून बसायचो. तिला झोप लागायची तेवढ्यानं. ते एकच मला येत होतं, म्हणून तुला सांगितलं."

चष्मेबाईचा नुसता तिळपापड झाला होता. त्याला खड्ड्यातच ठेवून शिडी वर ओढून घ्यावी असं तिच्या मनात येऊन गेलं. पण या शेवटच्या वाक्यावर भांडता येईना. ती वळली आणि चालायला लागली. घरी नाही, दुकानात नाही, नुसतीच. बाजार, पूल, पुलापलीकडचा रस्ता, परत पूल. तीन वर्षं! तीन वर्षं मी एका बाईची सावली म्हणून वावरले आणि तशी बाई कधी नव्हतीच! आधी नुसता संताप. मग पुलाच्या मध्यावर तिचे पाय मंदावले. त्या बाईनं केलं नाही, नवऱ्याला येत नव्हतं, तर मग ते सगळं केलं कुणी? ती पोर मनगट देऊन झोपायची ती कुणाच्या हातात? दूध कुणाचं होतं? तिच्याच गालांवरून पाणी ओघळायला लागलं आणि येणारेजाणारे बघायला लागले. बघू देत. माझंच होतं की ते, ती स्वतःशी म्हणाली, अगदी पहिल्या पेल्यापासून माझंच होतं. आणि लगेच तिच्या काळजात चर्र झालं, कारण हे कळायला आणि पोर हातची जायला एकच गाठ पडली होती.

संध्याकाळभर ती मनातलं सांगू म्हणाली आणि सांगू शकली नाही. मुंगी शेजारपाजारी निरोप घेत हिंडत होती, मावशी पोरीच्या खोलीचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे ते विचारत होती. मावशीचा तो उजळलेला चेहरा बघितला की चष्मेबाई पुन्हा ओट्याकडे वळायची. तिचं तरी दुसरं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली टॅक्सी येऊन उभी राहिली. सामान दाराशी. मावशी एकदा सगळ्या खोल्यांतून नजर फिरवून आली. लिफ्टवाला बाहेर लिफ्टचं दार पायानं अडवून उभा होता, पाठ घराकडे करून. मुंगी बूट घालून स्टुलावर बसली होती, चष्मा स्वच्छ, वेण्या घट्ट, हात मांडीवर. चष्मेबाई तिची बॅग उघडत होती, बंद करत होती, मोजे या कप्प्यातून त्या कप्प्यात टाकत होती.

मुंगी उठली. "येते मी, चष्मेबाई," ती म्हणाली. "तुम्हाला खूप त्रास दिला."

नऊ वर्षांची पोर हो! पाहुणे जाताना म्हणतात तसं म्हणाली.

चष्मेबाईच्या हातून मोजे पडले. "जाऊ नकोस," ती म्हणाली. आवाज इतका फाटका आला की मावशीही वळली. "मुंगे, जाऊ नकोस. तिकडची शाळा चांगली असेल, घर मोठं असेल, तुझं भलं तिकडेच असेल, मला ठाऊक नाही. पण मला तू इथे हवी आहेस. रोज सकाळी हवी आहेस. मी आधीच सांगायला हवं होतं, मला वाटलं मला हक्क नाही. पण मला तू हवीस."

मुंगी बघतच राहिली. मग तिचा चेहरा लाल व्हायला लागला, आधी कान, मग गाल. तिनं खाली वाकून पायातला बूट ओढून काढला आणि समोरच्या भिंतीवर असा काही हाणला की कपाटावरचा फोटो हलला.

"मग सांगितलं का नाहीस?" ती किंचाळली. "सगळे विचारत होते तेव्हा तू भांडी घासत होतीस! मला वाटलं तू दमलीस!"

"मी? मी कशाला दमू?"

"सारखी उभी असतेस! सारखी काहीतरी करत असतेस, एक मिनिट बसत नाहीस, आणि सगळं माझंच! माझं दूध, माझ्या वेण्या, माझा डबा! मी काही मागितलं की तुला आणखी काम! म्हणून मी काही मागायचीच नाही! मला वाटलं, मी गेले तर तुला बसता तरी येईल!"

चष्मेबाईला वाटलं कुणीतरी आपल्या छातीवर गुद्दा मारला. तीन वर्षांचं ते शहाणपण, ते "दिलं ते खाल्लं", ते "तुम्ही झोपा, मी भरते", सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण पोर तिला विचार करायला सवड देईल तर शपथ!

"आणि मला कोमट दूध आवडत नाही! शी! कधीच आवडत नाही! आणि वेण्या दुखतात!" दुसरा बूटही निघाला आणि स्वयंपाकघरात जाऊन पडला. तिकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं.

"मुंगे!" चष्मेबाई ओरडली. उभ्या आयुष्यात त्या पोरीवर पहिल्यांदा ओरडली आणि खच्चून ओरडली. "आवाज खाली कर आधी! आणि काय फोडलंस ते? उचल ते बूट!"

"नाही उचलणार!"

"उचलशील!"

"नाही म्हणजे नाही!"

दारात मावशी उभी होती. तिनं कपाटावरच्या फोटोकडे बघितलं, मग त्या दोघींकडे. तिचा चेहरा एकदम थकलेला दिसायला लागला. "चार दिवस माझ्याशी एकदाही भांडली नाही ही," ती हळू म्हणाली. "किती गुणी म्हणून मी खूश होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं." तिनं आपली बॅग उचलली. मुंगीची तिथंच राहू दिली. "सुट्टीत पाठवा बाई. दोन्ही सुट्ट्यांत पाठवा. आणि तिला म्हणावं, माझ्याशीही थोडं भांड."

चष्मेबाईनं तिचा हात धरला. बाहेरून लिफ्टवाल्यानं विचारलं, "कोणकोण येतंय?" आणि मावशीनं सांगितलं, "मी एकटीच. चला." दार सरकल्याचा आवाज आला.

"आणि माझं अजून संपलं नाहीये!" आतून मुंगी ओरडली.

"येते, येते," चष्मेबाई म्हणाली, डोळे पुसले आणि भांडायला आत गेली.